मार्शल झुकोव्ह

रशियातील कालूगा प्रांतात स्त्रेल्कोव्का नावाचे एक लहानसे खेडे आहे. १८९६ साली, डिसेंबर महिन्याच्या पहिल्या दिवशी, या खेड्यातील एका जुन्या व मोडकळीस आलेल्या घरात जॉर्जी झुकोव्ह याचा जन्म झाला. त्याचे वडील कॉन्स्तंतिन हे जोडे शिवण्याचे काम करीत. त्यांना स्वतःचे आईबाप ठाऊक नव्हते. एका निपुत्रिक विधवेने अनाथालयातून त्यांना आपल्या घरी आणून वाढविले होते आणि झुकोव्ह हे आडनावही तिच्याकडूनच त्यांना मिळाले होते. जॉर्जीची आई उस्तीन्या मोठी कष्टाळू व अंगाने बळकट होती. धान्याने भरलेले ऐंशी किलो वजनाचे पोते ती सहज उचलीत असे. दोघेही राबत, तरी घरातील दारिद्र्य हटत नसे. एकदा तर घराचे छपरच कोसळले आणि साऱ्या कुटुंबाला कोठारात दिवस काढावे लागले.

जॉर्जी शाळेत जाऊ लागला तेव्हाची एक गोष्ट आहे. त्याच्या काही सोबत्यांना त्यांच्या आईबापांनी बाजारातून दप्तरे आणून दिली होती. जॉर्जीच्या आईने मात्र गोणपाटाची पिशवी शिवून त्याच्या हातात ठेवली. असल्या पिशव्या भिकारी वापरतात, आपण ती घेऊन शाळेत जाणार नाही, असा हट्ट त्याने धरला. पैसे मिळाले की दप्तर आणू, तोवर हीच पिशवी घे, असे आईने त्याला समजाविले. जॉर्जी ती पिशवी घेऊन शाळेत गेला आणि तीन वर्षांचा तो अभ्यासक्रम त्याने प्रशस्तिपत्र मिळवून पुरा केला. या यशाबद्दल आईने त्याला नवा सदरा दिला, तर वडिलांनी आपल्या हाताने बूट शिवून दिले.

पुढे शिकविण्याची आईबापांची ऐपत नव्हती. १९०८ च्या उन्हाळ्यात, वयाच्या बाराव्या वर्षी, जॉर्जीला मॉस्को शहरात मामाकडे पाठविण्यात आले. मामाचा कारखाना केसाळ कातड्यांचे कोट व टोप्या शिवण्याचा होता. रशियातील हिवाळा अतिशय कडक. तेथे असे कपडे ही चैनीची वस्तू नसून गरजेची असते. जॉर्जी उमेदवार म्हणून राहिला. पहाटे उठावे, झाडलोट करावी, कारागिरांसाठी बाजारातून सामान आणावे आणि चुकले की मार खावा, असा त्याचा दिवस असे. तरीही शिकण्याची हौस सुटली नाही. दिवसभराच्या श्रमानंतर तो रात्रीच्या वर्गांना जाई आणि शौचालयाजवळ रात्रभर जळणाऱ्या मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात धडे वाची. काही वर्षांनी तो त्या धंद्यातला कुशल कारागीर झाला. सरळ मार्गाने आयुष्य गेले असते, तर मॉस्कोतील एक चांगला फरचा कारागीर एवढीच त्याची ओळख राहिली असती.

परंतु १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि १९१५ मध्ये जॉर्जीला सैन्यात बोलावणे आले. त्याची नेमणूक घोडदळात झाली. शौर्याबद्दल त्याला दोनदा सेंट जॉर्ज क्रॉस हे पदक मिळाले. पुढच्याच वर्षी सुरुंगाचा स्फोट होऊन तो जबर जखमी झाला. १९१७ मध्ये रशियात राज्यक्रांती झाली व झारची सत्ता संपली. नव्या राजवटीने उभारलेल्या लाल सेनेत झुकोव्ह १९१८ साली दाखल झाला. त्यानंतरच्या यादवी युद्धात, व्होल्गा नदीकाठच्या त्सारित्सिन शहराच्या परिसरात लढताना तो पुन्हा जखमी झाला. या शहराला पुढे स्टॅलिनग्राड हे नाव मिळाले. झुकोव्हचा आणि या शहराचा संबंध एवढ्यावर संपायचा नव्हता.

शांततेच्या काळात त्याने एकच ध्यास घेतला, तो म्हणजे लष्करी विद्येचा अभ्यास. रणनीतीची पुस्तके तो रात्र रात्र वाची. अंगमेहनतीतही तो कमी नव्हता. लेनिनग्राड येथील घोडदळाच्या शाळेतील शिक्षण १९२५ साली संपले, तेव्हा इतर अधिकारी आगगाडीने परतले; झुकोव्ह मात्र दोन सोबत्यांसह घोड्यावरून निघाला आणि ९६३ किलोमीटरांचे अंतर सात दिवसांत तोडून मिन्स्कला पोहोचला. त्याच्या हाताखाली काम करणे सोपे नव्हते. तो फार कडक, कित्येकदा तर कठोर होता. ढिलाई त्याला खपत नसे. ज्याला तो रागावला नाही असा अधिकारी त्याच्या तुकडीत क्वचितच सापडला असता.

१९३७ व १९३८ ही वर्षे रशियन सेनेला फार वाईट गेली. देशाचा सर्वसत्ताधीश स्टॅलिन याला चोहोकडे विश्वासघात दिसू लागला. त्याने हजारो अधिकाऱ्यांना पकडले. कित्येक निरपराध सेनापतींना गोळ्या घालण्यात आल्या. पाच मार्शलांपैकी तीन मार्शल या संशयाला बळी पडले. झुकोव्ह वाचला. परंतु सत्ताधीशाला न आवडणारा शब्द उच्चारला तर त्याचा परिणाम काय होतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. पुढील हकीकत वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

१९३९ मध्ये मंगोलियाच्या सरहद्दीवर, खाल्खिन गोल नदीच्या काठी, जपानी सैन्याने चढाई केली. तेथील लढाई सांभाळण्यासाठी झुकोव्हला पाठविण्यात आले. जवळात जवळचे रेल्वेस्थानक तेथून सुमारे ६५० किलोमीटर दूर होते. दारूगोळा, इंधन, अन्न, एवढेच काय, सरपणसुद्धा त्या उजाड माळावरून मोटारींनी आणावे लागे. झुकोव्हने घाई केली नाही. मोटारींच्या रांगा रात्रंदिवस धावत राहिल्या. शत्रूला मात्र त्याने वेगळेच भासविले. आपण हिवाळाभर येथेच बचाव करून राहणार आहोत, असे वाटावे म्हणून मेखा ठोकल्याचे आवाज ध्वनिवर्धकांवरून ऐकविण्यात आले, बचाव कसा करावा याची पत्रके सैनिकांत वाटण्यात आली. २० ऑगस्ट रोजी सकाळी अचानक त्याने दोन्ही बाजूंनी रणगाडे घातले आणि जपानी फौज वेढली गेली. महिनाअखेर लढाई संपली. यानंतर जपानी राज्यकर्त्यांनी उत्तरेचा नाद सोडून दक्षिणेकडील प्रदेशांकडे अधिकाधिक लक्ष वळविले. या दूरच्या माळावरील लढाईचा मॉस्कोच्या नशिबाशी काय संबंध होता, ते दोन वर्षांनी दिसून आले.

१९४१ च्या आरंभी झुकोव्ह सेनेचा प्रधान कार्याधिकारी झाला. त्या वेळी जर्मनीच्या हिटलरने युरोपातील बहुतेक देश जिंकले होते. तो आता रशियावर चालून येणार, अशा वार्ता अनेक वाटांनी मॉस्कोला पोहोचत होत्या. पण स्टॅलिनचा त्यांवर विश्वास बसत नव्हता. २२ जूनच्या पहाटे तीस लाखांहून अधिक जर्मन सैनिक सरहद्द ओलांडून आत शिरले. स्टॅलिन झोपला होता. पहारेकऱ्याकडून त्याला उठवून घेऊन ही वार्ता सांगण्याचे काम झुकोव्हला करावे लागले. बराच वेळ दूरध्वनीवर केवळ श्वासोच्छ्वासाचा आवाज ऐकू येत होता.

पहिल्या काही आठवड्यांत रशियाची दैना झाली. शहरामागून शहरे पडू लागली. जुलैच्या अखेरीस झुकोव्हने नकाशा पुढे ठेवून स्टॅलिनला स्पष्ट सांगितले की, कीव्ह शहर आता राखता येणार नाही; ते सोडून सैन्य नदीपलीकडे आणावे, नाहीतर सारे सैन्य वेढ्यात सापडेल. स्टॅलिन संतापला. हे बोलणे मूर्खपणाचे आहे, असे त्याने सर्वांसमक्ष म्हटले. ज्या मनुष्याच्या एका शब्दाने सेनापतींचे प्राण गेले होते, त्याच्यापुढे दुसरा कोणी तेथेच गप्प बसला असता. झुकोव्हने मात्र, आपले बोलणे मूर्खपणाचे वाटत असेल तर आपल्याला या पदावरून मोकळे करून आघाडीवर पाठवावे, असे उत्तर दिले. त्याप्रमाणे त्याचे पद काढून घेण्यात आले. सप्टेंबरमध्ये जर्मनांनी कीव्हच्या पूर्वेस वेढा पुरा केला आणि लाखो रशियन सैनिक मारले गेले किंवा कैद झाले. झुकोव्हचे म्हणणे खरे ठरले होते. मात्र ते खरे ठरण्याची किंमत फार भयंकर होती.

आता जेथे आग लागेल तेथे झुकोव्हला पाठवावे, असा परिपाठच पडला. सप्टेंबरमध्ये लेनिनग्राड पडण्याच्या बेतात होते. तेथे जाताच त्याने शरणागतीचे सारे विचार बंद केले. शहराच्या बंदरातील युद्धनौकांच्या तोफा जमिनीवरील शत्रूकडे वळविल्या. नौसैनिकांना खंदकांत उतरविले. विमानांवर मारा करणाऱ्या तोफा रणगाड्यांवर रोखल्या. जागा सोडून मागे येणाऱ्याला मृत्युदंड मिळेल, असा निष्ठुर हुकूमही त्याने काढला. जर्मन सैन्य शहराच्या वेशीवर थांबले. पुढे त्या शहराला ८७२ दिवसांचा वेढा सोसावा लागला, लाखो नागरिक भुकेने मेले, परंतु शहर शत्रूच्या हाती गेले नाही.

तोच ऑक्टोबरात राजधानीवर संकट आले. मॉस्कोच्या पश्चिमेस रशियाच्या कितीतरी सेना वेढ्यात सापडल्या होत्या आणि राजधानीकडे येणारा रस्ता जवळजवळ मोकळा पडला होता. स्टॅलिनने झुकोव्हला लेनिनग्राडहून बोलावून घेतले. कोठे कोणती तुकडी शिल्लक आहे, हेही कोणाला नीट सांगता येत नव्हते. झुकोव्ह मोटारीने आघाडी शोधीत निघाला. वाटेत तो आपल्या जन्मगावाच्या अगदी जवळून गेला. स्त्रेल्कोव्का तेथून दहा किलोमीटरांवर होते. आई, बहीण आणि बहिणीची मुले अजून गावातच राहत होती. आपण कोणाची आई आहोत हे शत्रूला कळले तर तिचे काय होईल, हा विचार त्याच्या मनात आल्यावाचून राहिला नाही. पण तो वाट वाकडी करून घरी गेला नाही. तीन दिवसांनी त्याने आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्याला पाठवून सर्वांना मॉस्कोत आणविले. पुढे जर्मनांनी ते गाव जाळले, तेव्हा त्याच्या आईचे घरही जळून गेले.

१० ऑक्टोबर रोजी मॉस्कोच्या पश्चिम आघाडीची सूत्रे झुकोव्हच्या हाती आली. सरकारी कचेऱ्या दूरच्या शहरात हलविण्यात आल्या होत्या. काही दिवस तर लोकांत मोठी घबराट पसरली. पण शहरातील लाखो माणसे, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया, कुदळी-फावडी घेऊन बाहेर पडल्या आणि त्यांनी थंडीपावसात रणगाडे अडविण्यासाठी मैलोगणती चर खणले. शरद ऋतूच्या पावसाने रस्त्यांचा चिखल झाला व जर्मन गाड्या त्यात रुतल्या. मॉस्को राखता येईल काय, असे स्टॅलिनने झुकोव्हला विचारले. येईल, परंतु आणखी दोन सेना व दोनशे रणगाडे हवेत, असे त्याने सांगितले. खोटा धीर देणे त्याच्या स्वभावात नव्हते, म्हणून त्याच्या होकाराला वजन होते.

नोव्हेंबरमध्ये जमीन गोठली आणि जर्मन रणगाडे पुन्हा पुढे सरकले. काही ठिकाणी ते मॉस्कोपासून तीस किलोमीटरांच्या आत येऊन ठेपले. या दिवसांत झुकोव्हच्या हाताशी जे नवे सैन्य येत होते, ते सारे एकदम युद्धात घालावे असा मोह कोणालाही झाला असता. पण तो मूठ मूठ सैन्य देई आणि बाकीचे मागे राखून ठेवी. जपान आता उत्तरेकडे वळणार नाही अशी खात्री झाल्यामुळे सैबेरियातील व पूर्वेकडील कित्येक पथके मॉस्कोला आणता आली. खाल्खिन गोलच्या विजयाचे मोल आता कळले. ही पथके कडाक्याच्या थंडीत वावरायला सरावलेली होती. त्यांच्या अंगांत मेंढीच्या कातड्याचे कोट होते, पायांत नमद्याचे जाड बूट होते. हिटलरला मात्र हिवाळ्यापूर्वीच युद्ध जिंकण्याची इतकी खात्री होती की, त्याच्या आघाडीवरील सैनिकांपर्यंत पुरेसे गरम कपडेही पोहोचले नव्हते. हिवाळ्यात कातड्याच्या एका कोटाचे मोल काय असते, हे त्या फरच्या कारागिराला वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

५ व ६ डिसेंबर रोजी, शत्रू थकून थांबला तेव्हा, रशियन सेनेने प्रतिहल्ला सुरू केला. दमलेले व गारठलेले जर्मन सैन्य प्रथमच मागे हटू लागले आणि पुढील काही आठवड्यांत निरनिराळ्या ठिकाणी १०० ते २५० किलोमीटर मागे रेटले गेले. हल्ला यशस्वी झाल्याचे दिसताच, कित्येक आठवडे धड न झोपलेला झुकोव्ह असा गाढ झोपला की त्याला जागे करता येईना. स्टॅलिनचा दोनदा दूरध्वनी आला. तो आपणहून जागा होईपर्यंत त्याला उठवू नका, असे स्टॅलिनने सांगितले.

१९४२ च्या उन्हाळ्यात हिटलरने आपला मोर्चा दक्षिणेकडे वळविला. काकेशसमधील खनिज तेल आणि व्होल्गा नदीचा मार्ग त्याला हवा होता. त्याची सहावी सेना व्होल्गाकाठच्या स्टॅलिनग्राडला येऊन भिडली. ऑगस्टअखेर स्टॅलिनने झुकोव्हला आपला उपसरसेनापती नेमले आणि तिकडे पाठविले. त्याच परिसरात तेवीस वर्षांपूर्वी तो एक साधा सैनिक म्हणून जखमी होऊन पडला होता.

झुकोव्ह आणि त्याचा सहकारी वासिलेव्हस्की या दोघांनी नकाशावर एक गोष्ट हेरली. जर्मनांचे उत्तम सैन्य शहराच्या गल्लीबोळांत गुंतून पडले होते. त्याच्या दोन्ही बगलांचे रक्षण मात्र रुमानियाच्या सैन्याकडे होते आणि त्या सैन्याजवळ रणगाडे व तोफा फारच कमी होत्या. शहरात समोरासमोर झुंजत राहण्यापेक्षा या दोन कमकुवत बगला फोडून मागे एकत्र येता आले, तर सारी जर्मन सेना पिंजऱ्यात सापडली असती. योजना साधी होती. पण ती अमलात आणायला सुमारे दोन महिने लागणार होते. तोपर्यंत शहर पडले असते, तर सगळेच मुसळ केरात गेले असते.

हे दोन महिने शहरात चुइकोव्ह नावाच्या सेनापतीच्या ६२ व्या सेनेने काढले. एकेका घरासाठी, एकेका जिन्यासाठी लढाई होई. काही ठिकाणी या सेनेच्या पायांखाली नदीकाठची काही शेकडा मीटर रुंदीची पट्टी तेवढी उरली होती. रात्री नावांतून नवे सैनिक येत आणि त्यांतले पुष्कळसे दुसरी रात्र पाहत नसत. चुइकोव्ह कुमक मागे. त्याला शहर हातचे जाणार नाही एवढीच कुमक मिळे. उरलेले सैन्य, हजारो तोफा आणि शेकडो रणगाडे रात्रीच्या अंधारात दूर गवताळ माळांवर गोळा होत होते. या बेताची वाच्यता होऊ नये म्हणून शहरात मरणाऱ्या सैनिकांना त्याची दाद लागू दिली नव्हती. मदत जवळ असताना ती रोखून धरायची आणि तिकडे माणसे मरू द्यायची, हा निर्णय घेणाऱ्याचे मन दगडाचे असावे असे कोणाला वाटेल. पण मदत थोडी थोडी वाटून टाकली असती, तर ती माणसेही वाचली नसती आणि शहरही वाचले नसते.

१९ नोव्हेंबर १९४२ च्या सकाळी धुक्यातून तोफांचा भडिमार सुरू झाला. पहिल्या दिवशी उत्तरेकडून आणि दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडून रणगाडे घुसले. २३ तारखेला दोन्ही सैन्यांची गाठ पडली आणि तीन लाखांच्या जवळपास शत्रुसैनिक वेढले गेले. हिटलरने त्यांना माघार घेऊ दिली नाही. विमानांनी रसद पोहोचविण्याचे त्याने दिलेले वचन पाळता आले नाही. उपासमार, थंडी आणि रोगराई यांनी ती सेना खंगत गेली. २ फेब्रुवारी १९४३ रोजी तिचे उरलेसुरले सैनिक शरण आले. सुमारे ९१,००० सैनिक कैद झाले. त्यांपैकी पाच-सहा हजारच पुढे आपल्या घरी परतू शकले. जगभर लोकांना कळून चुकले की युद्धाचे पारडे फिरले आहे.

या विजयाच्या प्रत्यक्ष दिवसांत झुकोव्ह स्टॅलिनग्राडला नव्हता, हे सांगितले पाहिजे. तेथील सूत्रे वासिलेव्हस्कीने हलविली. झुकोव्ह त्याच वेळी मॉस्कोच्या पश्चिमेस, र्‍झेव्ह शहराजवळ दुसरा मोठा हल्ला चालवीत होता. तो हल्ला साफ फसला. हजारो सैनिक प्राणांस मुकले आणि हाती फारसे काही लागले नाही. रशियात पुढे कित्येक वर्षे या पराभवाबद्दल कोणी उघड बोलत नसे. झुकोव्ह आपल्या सैनिकांच्या प्राणांची पुरेशी पर्वा करीत नसे, असा आक्षेप त्याच्यावर घेतला जातो. तो पुष्कळ अंशी खरा आहे. अपयश आले तरी तोच हल्ला पुन्हा पुन्हा चढविण्याचा त्याचा हट्ट र्‍झेव्हला दिसून आला. थोर सेनापतीच्या चरित्रातून असे पान फाडून टाकणे योग्य होणार नाही.

१९४३ च्या वसंतात झुकोव्हची दूरदृष्टी पुन्हा प्रत्ययास आली. कूर्स्क शहराजवळ रशियाची आघाडी शत्रूच्या बाजूला फुगवट्यासारखी बाहेर आली होती. जर्मन सैन्य हा फुगवटा दोन्हीकडून छाटणार, हे त्याने ओळखले. काही सेनापतींना आपणच प्रथम हल्ला करावा असे वाटत होते आणि स्टॅलिनही उतावीळ झाला होता. ८ एप्रिल रोजी झुकोव्हने लेखी मत कळविले की, शत्रूला आधी येऊ द्यावे, आपल्या तटबंदीवर त्याचे रणगाडे मोडू द्यावेत आणि तो दमला म्हणजे मग ताज्या दमाचे सैन्य त्याच्यावर घालावे. हे मत मान्य झाले. तीन महिने खंदक खणणे आणि सुरुंग पेरणे चालले होते. ५ जुलैला जर्मन आले. आठवडाभर भीषण रणकंदन झाले, शत्रूचे नवे अजस्र रणगाडे तटबंदीत अडकले आणि मग रशियन सैन्य उलटून चालून गेले. त्या दिवसापासून पूर्वेकडील आघाडीवर मोठी चढाई करण्याचे बळ जर्मनीला पुन्हा कधी आले नाही.

पुढची हकीकत वेगाने घडली. १९४४ च्या उन्हाळ्यात बेलारूस मुक्त झाला. १६ एप्रिल १९४५ रोजी पहाटे झुकोव्हने बर्लिनवरील अखेरचा हल्ला सुरू केला. शत्रूचे डोळे दिपविण्यासाठी शंभराहून अधिक प्रखर प्रकाशझोत सोडण्यात आले. पण तोफांच्या धुरावरून तो उजेड परत फिरला आणि आपल्याच सैनिकांना त्याचा त्रास झाला. सीलोच्या टेकड्यांवर तीन दिवस रक्ताचे पाट वाहिले. ३० एप्रिलला हिटलरने आत्महत्या केली व २ मे रोजी बर्लिन शरण आले. ८ मेच्या रात्री बर्लिनच्या एका उपनगरात जर्मन सेनापतींनी शरणागतीच्या कागदावर सह्या केल्या. सोव्हिएत देशाच्या वतीने ती शरणागती झुकोव्हने स्वीकारली. या युद्धात त्या देशाची दोन कोटी साठ लाखांहून अधिक माणसे मृत्यू पावली होती.

२४ जून रोजी मॉस्कोच्या लाल चौकात विजयाचे संचलन झाले. भर पावसात, पांढऱ्या घोड्यावर बसून झुकोव्हने सैन्याची मानवंदना घेतली. जिंकलेली दोनशे जर्मन निशाणे सैनिकांनी जमिनीवर फेकली. झुकोव्हचे नाव घरोघरी झाले होते आणि हीच गोष्ट स्टॅलिनला सहन झाली नाही. १९४६ मध्ये झुकोव्हला राजधानीतून काढून ओडेसाला आणि त्यानंतर उरल पर्वताकडे अशा दूरच्या, कमी महत्त्वाच्या जागांवर पाठविण्यात आले. त्याने कुरकुर केली नाही. जे काम मिळाले ते तो करीत राहिला. १९५३ साली स्टॅलिनच्या मृत्यूनंतर तो परत आला आणि १९५५ मध्ये संरक्षणमंत्री झाला. आपल्या देशाशीही त्याचा अल्पसा संबंध आला. २६ जानेवारी १९५७ रोजी दिल्लीत प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाला तो प्रमुख पाहुणा म्हणून हजर होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात, तो परदेशी गेला असता, त्याच्या मंत्रिपदाची दोरी पुन्हा कापण्यात आली.

आयुष्याची उरलेली वर्षे त्याने आठवणी लिहिण्यात घालविली. सरकारी तपासनिसांनी त्यांत पुष्कळ फेरफार करायला लावले. अखेर १९६९ साली ते पुस्तक बाहेर पडले आणि युद्ध पाहिलेल्या असंख्य वाचकांनी त्याला पत्रे लिहिली. गोणपाटाच्या पिशवीची गोष्टही त्याने त्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. १८ जून १९७४ रोजी मॉस्कोत त्याचे निधन झाले. ज्या लाल चौकात त्याने विजयाची मानवंदना घेतली होती, त्याच्याच कडेला, क्रेमलिनच्या भिंतीत त्याची रक्षा ठेवलेली आहे.